खोड सांगून विकलेली गाय

माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, सुचेल तसं लावते. कुणाच्या हाती हे कागद पडलेच तर चुका पोटात घालाव्यात. अक्षरही वाईट आहे, त्याचीही माफी मागते. शाळेत असताना माझं अक्षर इतकं वेडंवाकडं नव्हतं. उजवं मनगट दोनदा मोडलं आणि आता ते पुरतं वळत नाही. थोडं लिहिलं की बोटांना मुंग्या येतात, मग थांबावं लागतं.

हे मनगट पहिल्यांदा गाईनं मोडलं, असं सरकारी दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं आहे. गाईनं ते मोडलं नाही. चारचौघांत बोलायला उभी राहिले की माझा घसा बंद होतो, म्हणून लिहून ठेवते आहे.

गाय माझ्या आईकडची. आमचं गाव इंदापूरकडं, लोणी देवकरच्या कंपन्यांच्या मागच्या अंगाला. वडील लवकर गेले. आईनं गाईंच्या दुधावर घर चालवलं. माझ्या लग्नात तिच्याजवळ सोनं नव्हतं, तेव्हा तिनं गोठ्यातली सगळ्यात शहाणी कालवड मला आंदण दिली. तांबडी, कपाळावर पांढरा टिळा. पणदऱ्याला सासरी मी जीपमधून गेले आणि ती मागून टेम्पोतून आली. नव्या घरात पहिले काही दिवस मला ओळखणारी तेवढी एकच होती.

सासरी नवरा आणि सासू. नवरा बारामतीच्या एका कंपनीत कामाला होता. उसाचं थोडं रान होतं. गाय व्याली आणि घरात दुधाचा पैसा यायला लागला. धार मी काढायची, डेअरीवर तो घालायचा. बिल त्याच्या नावावर.

लग्नानंतर पहिल्या वर्षातच त्याचा हात उठायला लागला. भाजीत मीठ जास्त झालं, फोन उचलायला उशीर झाला, आई भेटायला आली, काहीही चालायचं. आधी चापट होती, मग बुक्की, मग पायातली चप्पल. मला मुलगी झाली त्या आठवड्यात त्यानं मला केसांना धरून न्हाणीतून ओढत आणलं. टाक्यांतून रक्त आलं. सासूनं फरशी पुसून घेतली आणि मला म्हणाली, "ओली बाळंतीण तू, कशाला त्याच्या तोंडाला लागतीस?" मी काही बोललेच नव्हते.

मनगटाची गोष्ट ऊसतोडीच्या दिवसांतली आहे. त्या दिवसांत जनावरांना उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, तेच जास्त पडतं आणि नुसत्या वाढ्यावर दुधाची फॅट घसरते. फॅट कमी लागली की दर कमी मिळतो. सकाळी तो डेअरीवरून चिठ्ठी घेऊन आला. मी गोठ्यात शेण भरत होते.

"पाणी वतलंस व्हय गं दुधात?"

"न्हाय वो."

"मग फॅट काय माझ्या बापानं खाल्ली?"

त्याच्या हातात रिकामी किटली होती. त्यानं ती माझ्या डोक्यात घातली. मी हात वर केला म्हणून डोकं वाचलं. दुसरा घाव मनगटावर बसला, तिसरा त्याच जागी. किटलीचा आवाज वस्तीभर गेला असेल, हाडाचा माझा मलाच आला. मी गव्हाणीपाशी पडले तरी त्याचं मन भरलं नव्हतं. मग त्यानं तीच किटली गाईच्या पाठीवर हाणली, मणक्यावर. ती दाव्याला बांधलेली होती, जाणार कुठं? तिनं डोळे मिटून घेतले आणि तशीच उभी राहिली. लाथ मारायची तर तेव्हा मारली असती.

सासू धावत आली. माझा हात बघून तिनं कपाळावर हात मारला. "काय केलंस रं मुडद्या! आता सांच्याला धारा कोण काढंल?"

जीपमध्ये बसताना ती माझ्या कानाशी लागली. "गाईनं लाथ मारली म्हण. जनावराला कोण इचारतंय?"

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. मान खाली घालून लिहीत होता. "कशानं लागलं?"

"गाईनं, साहेब," सासू म्हणाली. "लई मारकी हाय."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं लिहिलं.

घरी आल्यावर माझी मुलगी, तेव्हा नुकती बोलायला लागली होती, आजीला म्हणाली, "आजे, गाय न्हाय, पप्पानं." सासूनं तिच्या तोंडावर फटका दिला. त्यानंतर मुलगी बरेच दिवस गोठ्यात आली नाही.

पुढं बरगडीला मार बसला तेव्हाही गाईचंच नाव सांगितलं. समोरचा दात पडला तेव्हा दवाखान्यात गेलोच नाही. वस्तीवर सगळ्यांना गाय माहीत झाली. नळावर बायका हसायच्या. "काय गं, तुझी गाय लई तापट! दाताचा बी नेम धरती." त्यातली एक मात्र हसायची नाही. एकदा हंडा उचलायला मदत करताना ती हळूच म्हणाली, "आमच्यात म्हशीचं नाव सांगत्यात." तेवढंच बोलून ती गेली. माझा हंडा कलला, निम्मा सांडला.

मग त्याला मोटारसायकल बदलायची होती. तो म्हणाला गाय विकायची. माझ्या आंदणाची आहे, एवढंच मी बोलले. त्यावर त्यानं कासऱ्यानं माझी पाठ फोडली, मग गाईची, आणि दुसऱ्या दिवशी गाय बारामतीच्या गुरांच्या बाजारात नेली.

बाजाराची एक रीत आहे. जनावराला खोड असेल तर विकणाऱ्यानं चारचौघांत ती सांगायची. लपवली आणि नंतर उघडी पडली तर घेणारा जनावर परत आणून बांधतो आणि बाजारात अब्रू जाते. आमच्या गावचे लोक बाजारात होतेच. नवरा भाव सांगायला लागला तसं त्यातल्या एकानं विचारलं, "आरं, ही तीच न्हवं का, बायकूचा हात मोडल्याली?" आता नाही म्हणावं तर हात कुणी मोडला? त्याला सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं की गाय मारकी आहे. गाय निम्म्या भावात गेली. लोणी भापकरच्या एका म्हाताऱ्यानं घेतली.

तो घरी आला तो पेटूनच. "तुझ्यापायी निम्मं पैसं बुडालं!" दार आतून लावून घेतलं. मोकळ्या दाव्याची दोरी हाताला गुंडाळून घेतली. पाठ, पोटऱ्या, मान, जिथं मिळेल तिथं. दोरी तुटली तेव्हा पाटा उचलला. मी हात आडवा घातला आणि मनगट पुन्हा त्याच जागी मोडलं. हाड कातडीच्या आतून वर आलेलं दिसत होतं. मुलगी धान्याच्या पिंपाआड बसली होती. ती रडत नव्हती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

सासू त्या दिवशी तिच्या भावाकडं गेली होती. हात बघून तोच घाबरला आणि मला नि मुलीला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला. मला बाकड्यावर बसवून तो फोनवर बोलायला बाहेर गेला. नर्स कागद भरायला बसली.

"कशानं लागलं, बाई?"

"गाईनं" हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. पण गाय तर विकली होती. सकाळी शेण काढायला गेले तेव्हा दावणीला मोकळा खुंटा होता, तो डोळ्यासमोर आला. आता मी नाव घ्यावं असं गोठ्यात कुणी नव्हतं. दुसरं काय सांगावं ते सुचेना. माझ्या तोंडून निघालं, "नवऱ्यानं."

"काय? मोठ्यानं बोला."

पहिल्यांदा ते चुकून निघालं होतं. दुसऱ्यांदा मला ते समजून म्हणावं लागलं, आणि ते फार जड गेलं. "नवऱ्यानं मारलं. पाट्यानं."

नर्सनं ते लिहिलं आणि दवाखान्याच्या चौकीतल्या हवालदाराला बोलावलं. हवालदारानं नवऱ्याला आत घेतलं, आम्हाला दोघांना शेजारी उभं केलं आणि म्हणाला, "नवराबायकूचं हाय, मिटवून घ्या की." नवरा हसला. "व्हय साहेब, मिटल्यालंच हाय."

नर्स म्हणाली, "हाड मिटलं नाही अजून. मी लिहिलंय, साहेब. आता तुम्हीही लिहा."

पोलीस ठाण्यात बाई पोलिसानं तक्रार लिहून घेतली. मला सही येते, पण उजवा हात प्लास्टरात होता, म्हणून डाव्या हाताचा अंगठा लावला. पडलेला दात, पाठीवरचे वळ, सगळं तिनं उतरवलं. तिथूनच मी मुलीला घेऊन आईकडं गेले.

आठ दिवसांत सासरकडचे चार मोठे लोक आईच्या ओसरीवर येऊन बसले. चहा प्याले. त्यातला एक म्हणाला, "अक्का, केस उभी राहिली तर पोराची नोकरी जाईल. जन्माचा डाग लागंल त्याला."

आई म्हणाली, "आन् माझ्या पोरीच्या हाताला काय लागलंय, हळद?"

ते उठून गेले. जाताना सांगून गेले की कागद त्यांच्याकडंही आहेत.

ते कागद म्हणजे दवाखान्यातले जुने केसपेपर. त्यावर गाईनं लाथ मारली असं लिहिलेलं, माझ्या तोंडचं म्हणून. सरकारी वकिलांनी ते बघून डोकं खाजवलं. "बाई, तुम्हीच आधी गाय सांगितलीत. आता ते म्हणणार, तेव्हा गाय आणि आता नवरा, म्हणजे बाई खोटारडी." कोर्टानं गाईवर विश्वास ठेवला तर तो सुटणार आणि मुलीला घेऊन मला परत त्याच घरात जावं लागणार, हे मला कळत होतं. मी जेवण सोडलं. आई मात्र दुसऱ्या दिवशी एसटीत बसली आणि विचारत विचारत लोणी भापकरला त्या म्हाताऱ्याच्या दारात गेली. तिथलं बोलणं तिनं मला इतक्या वेळा सांगितलं की मी तिथं असल्यासारखं आठवतं.

"तात्या, गाय बघायला आले."

"इकायची न्हाय."

"घ्यायची बी न्हाय. माझ्या गोठ्यात जल्मलीय, बघायचीय."

गोठ्यात म्हाताऱ्याची सून धार काढत होती. मागचे पाय बांधलेले नव्हते. गाय निवांत रवंथ करत होती. आईनं हाक मारली तशी तिनं मान वळवली. मग आईनं म्हाताऱ्याला सगळं सांगितलं आणि कोर्टात यायची विनवणी केली. म्हातारा मागं सरकला.

"मला नका गोवू, अक्का. खोड सांगून दिली म्हणून पडत्या भावात घेतली म्या. आता गुणाची हाय म्हणलो तर वरचं पैसं मागाया तुमचा जावई दारात हुबा."

"त्यो यायचा न्हाय. आन् आला तर गाईम्होरं हुबा करा. कोण कुणाला भेतंय ते तुमीच बघा."

सून गालात हसली. म्हाताऱ्यानं गाईच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, "पाठीवर वळ हुतं तिच्या. म्या बाजारात बघितलं हुतं. पर भाव चांगला पडत हुता, बोललो न्हाय."

तारखा पडत गेल्या. एसटीनं जायचं, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. शेवटी मला पिंजऱ्यात उभं केलं. त्याचे वकील चांगले मोठ्या आवाजाचे होते. जुने कागद त्यांनी माझ्यासमोर धरले. "डॉक्टरांना खोटं सांगितलंत, की आत्ता कोर्टाला खोटं सांगताय?"

मी पिंजऱ्याचा कठडा धरला. न्यायाधीश बाई होत्या. "पाणी प्या. सावकाश सांगा," म्हणाल्या.

मी म्हणाले, "तेव्हा सासू शेजारी उभी होती."

मला एवढंच बोलता आलं. बाहेर आल्यावर सुचलं की केवढं तरी सांगायचं राहिलं.

म्हातारा धुतलेला फेटा बांधून आला होता. वकिलांनी त्याला विचारलं, "गाय लाथ मारते की नाही?"

"न्हाय."

"कधीच नाही?"

"माशा बसल्या तर शेपूट मारती."

मागं लोक हसले. वकीलही हसले. "म्हणजे तिला काही खोडच नाही म्हणा!"

"हाय की एक. माणसानं हात उचलला की डोळं मिटती. म्या नुसता टॉवेल झटकला तरी मिटती. अजून."

मला गव्हाणीपाशी पडलेली मी आणि डोळे मिटून उभी असलेली ती दिसली. मी तोंडात पदर धरला. वकील म्हणाले की गाईच्या मनातलं तुम्हाला कसं कळतं? म्हातारा म्हणाला, "मनातलं न्हाय ठावं. बघितल्यालं सांगितलं."

निकालात कशाचा उपयोग झाला ते मी सांगू शकत नाही. हाडाच्या डॉक्टरनं एक्स-रे दाखवून सांगितलं होतं की मार पुन्हा त्याच जागी आणि जोराचा होता. नर्सही येऊन सांगून गेली होती. त्याला शिक्षा झाली. वरच्या कोर्टात त्यानं अपील केलं, तिथंही ती टिकली आणि तो येरवड्याला गेला. कंपनीनं कामावरून काढलं. माझा पोटगीचा अर्ज वेगळा होता, तो एका वकील बाईंनी चालवला. त्यात कोर्टानं सांगितलं की त्यानं माझ्या किंवा आईच्या घराकडं फिरकायचं नाही, दर महिन्याला पोटगी द्यायची आणि आंदणाच्या गाईची किंमत परत करायची. किंमत कुठली, तर खोड नसलेल्या दुभत्या गाईची. वकील बाईंनी मला ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं.

सुटून आल्यावर त्याला वाटलं की झालं, संपलं. लोणी देवकरला एका कंपनीत काम मिळत होतं. तिथं पोलिसांचा दाखला मागितला. दाखल्यावर शिक्षा आली आणि काम गेलं. दुसरीकडं गेला, तिथंही तोच दाखला. मग एका दुपारी तो आमच्या दारात आला, हातात ऊस तोडायचा कोयता.

"कागद मागं घे! लिहून दे, गाईनं मारलं म्हणून!"

आईनं दार लोटून कडी घातली आणि पाठ लावून उभी राहिली. त्यानं दारावर कोयता घालायला सुरुवात केली. फळी जुनी होती. प्रत्येक घावाला ढलपी उडत होती. "तुझ्यामुळं कुत्रं इचारत न्हाय मला! तुकडं करीन, दोघींचं करीन!" आईनं वळून दोन्ही हातांनी फळी दाबून धरली आणि पुढचा घाव आरपार आला. तिच्या तळव्यातून पातं गेलं. रक्त दारावरून खाली ओघळायला लागलं, पण तिनं हात काढला नाही. मुलगी किंचाळत होती. मी फोन लावला आणि ज्या आवाजात बोलले तो माझा आवाज आहे हे मलाच कळेना. "नवरा कोयता घेऊन आलाय! कोर्टाचा हुकूम हाय आमच्याजवळ! लवकर या!"

ते आले तेव्हा तो खिडकी फोडत होता. या वेळी मिटवून घ्या असं कुणी म्हणालं नाही. हुकूम वाचला आणि त्याला गाडीत घातलं. आईच्या तळव्याला टाके पडले. दवाखान्यात विचारलं, कशानं? आई म्हणाली, "जावयानं," आणि इतक्या मोठ्यानं म्हणाली की रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं.

त्याच्यावर दुसरी केस झाली. तो पुन्हा आत जाऊन आला. आता त्याच्या दाखल्यावर दोन शिक्षा आहेत. थकलेल्या पोटगीसाठी वॉरंट निघालं तेव्हा पोटगी हळूहळू भरली गेली. गाईचे मात्र त्यानं निम्मेच भरले. कोर्टात म्हणाला, "मारकी गाय हुती. मारक्या गाईचा भाव दिलाय." सगळ्यांना वाटलं तो पैशासाठी अडून बसलाय. पुरे पैसे भरणं म्हणजे गाय मारत नव्हती असं कबूल करणं, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. वकील बाई म्हणाल्या, "राहू द्या आता, किती वर्षं फिरणार?" मी नाही म्हणाले. एवढं ठामपणे मी कुणाला पहिल्यांदाच नाही म्हणाले असेन.

बाईंनी अर्ज दिला. पुन्हा वॉरंट निघालं. या वेळी सासू एकटी आली. म्हातारी झाली आहे. कोर्टातल्या कारकुनाच्या टेबलाशी तिनं पिशवीतून नोटा काढल्या. कारकुनानं पावती ओढली.

"कशाचे पैसे, आजी?"

"गाईचं."

"मारक्या गाईचे ते आधीच भरलेत. हे कसले?"

सासूनं माझ्या मनगटाकडं बघितलं आणि लगेच मान फिरवली. "ऱ्हायल्यालं," ती म्हणाली. "चांगल्या गाईचं."

कारकुनानं पैसे मोजले, मला मोजायला दिले आणि पावती पुढं सरकवली. मनगट दुखत होतं, म्हणून सही करायला वेळ लागला. खाली त्यानं लिहिलं की गाईची किंमत पूर्ण मिळाली, काही बाकी नाही.